पूर्वेच्या खोलीतली खेळणी

लोणावळ्याच्या हायस्कुलात मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या घरमालकांनी मला जी खोली भाड्याने दिली तिला खिडकी नव्हती. झरोका होता, आणि त्यातून शेजारच्या गोठ्याशिवाय दुसरं काही दिसत नसे. त्याच घरात पूर्वेला एक खोली होती. दोन मोठ्या खिडक्या, शहाबादी फरशी, सकाळचं ऊन थेट आत. अशी खोली माझ्या गावी, इंदुरीत, आमच्या अख्ख्या आळीत कुणाकडे नव्हती. मी ती मागितली. भाडं वाढवून देतो म्हणालो.

घरमालक म्हणाले, "त्यात ऱ्हातंय की कुनीतरी."

"कोण राहतं?"

"या, दावतो."

त्यांनी चपला बाहेर काढल्या, मलाही काढायला लावल्या आणि दार उघडलं. आत माणूस नव्हता. भिंतीभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर खेळणी होती. चावीच्या मोटारी, पत्र्याचं इंजिन, एका डोळ्याची बाहुली, दातांच्या पेस्टच्या खोक्यातून फुकट निघायचे ते प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, काड्यापेटीवरची चित्रं, सिनेमाच्या गाण्यांची चोपडी, कुठल्याशा बालमेळाव्यांचे बिल्ले. आणि इंग्रजी चित्रकथांचे गठ्ठेच्या गठ्ठे, सुतळीने बांधून, पाट घालून त्यावर ठेवलेले. पाट! आमच्या घरी पाहुण्याला पाट मिळायची पंचाईत.

मी इंदुरीतल्या आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. हे मी मिरवायला सांगतोय असं कुणी म्हणेल, तर हो, मिरवायलाच सांगतोय. घोरावाडी स्टेशनापर्यंत पायी यायचं, पुण्याची गाडी धरायची, कॉलेज करायचं आणि परत येऊन गोठा झाडायचा, असं करून मी बी.ए. झालो. आणि त्या बी.ए.ला अंधारी खोली, आणि लोकांच्या पोरांनी मोडलेल्या मोटारींना पूर्वेचं ऊन. मला जो राग आला तो त्या दिवशी आला, आणि खरं सांगायचं तर या माणसाच्या बाबतीत तो पुढे कधी पुरता गेलाच नाही. फक्त रागाचा धनी बदलत गेला.

त्यांना सगळं गाव भाऊ म्हणे. वडगावच्या बाजूचे शेतकरी घरातले, पण उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. उंच, वाकलेले, धोतर गुडघ्याच्या जरा खालीच. डोक्यावरची टोपी फक्त पूर्वेच्या खोलीत शिरताना काढत. देवळातही काढत नसत.

लोक म्हणत, पोटी मूल नाही म्हणून हा नाद. साफ खोटं. त्यांना दोन मुलगे होते, दोघेही खडकीला कारखान्यात, दोघांना पोरंबाळं. लोकांना एक सोपं कारण हातात लागलं की पुढे बघायचं नसतं, म्हणून असं बोलतात. मी स्वतः भाऊंना विचारलं होतं. एकदा म्हणाले, "सवय लागली." एकदा म्हणाले, "रंग बगा की काय हाय!" आणि एकदा, फार खनपटीला बसलो तेव्हा म्हणाले, "गुरुजी, तुमी पुस्तकं का ठेवता? वाचून झालीत न्हवं?" मी गप्प बसलो नाही. पुस्तकांचं वेगळं असतं हे त्यांना चांगलं तासभर समजावलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आसंल. मला इंग्रजी येत न्हाई."

त्यांचा नेम असा. सोमवारी सकाळी तुंगार्लीच्या बंगल्यांकडे जायचं. रविवारी मुंबईचे बंगलेवाले परत गेलेले असायचे. त्यांच्या पोरांनी मोडून, कंटाळून, विसरून टाकलेलं सगळं माळी लोक कचऱ्याच्या खड्ड्यात लोटायचे. भाऊ त्या खड्ड्यांवर पोचायचे. माळ्यांना पान-तंबाखू द्यायचे आणि खांद्यावरच्या पिशवीत एकेक वस्तू धुऊन पुसून घालायचे. मात्र पोराच्या हातातून वस्तू कधी घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. एका बंगल्यातल्या पोराने आपणहून मोटार पुढे केली तर हात मागे बांधून उभे राहिले. म्हणाले, "अजून तुजा जीव हाय तिच्यात, मला दिसतंय."

त्यांचा लाडका होता तो पत्र्याचा यंत्रमानव. जपानी. बंगल्याच्या गटारात गाळात रुतलेला सापडला होता. चौकोनी छाती, डोळ्यांना लाल काचा. चावी दिली की खडखड करत पावलं टाकायचा. भाऊ त्याला पाव्हणा म्हणत. तो चालता करायला त्यांनी पावसाळ्याचा एक महिना घालवला, घासलेटात बुडवून, कोंबडीच्या पिसाने गंज काढून.

पावसाळ्यावरून आठवलं. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. चपलेवर, पट्ट्यावर, मिठाच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा बुरशी. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर हिरवी बुरशी आली. मी ते उन्हात धरायला बाहेर आलो, तर ऊन कुठलं? आणि पूर्वेच्या खोलीच्या दारातून ऊब येत होती. आत कोळशाची शेगडी पेटलेली, भाऊ पंख्याने धग फळ्यांकडे सारतायत.

मी कागद नाचवत म्हणालो, "भाऊ, माझ्या खोलीत ओल आहे."

"व्हय, हाय की."

"एक दिवस शेगडी मला दिलीत तर बिघडेल काय?"

"तुमी मानूस हाय गुरुजी. ओल लागली तर उठून बाहीर बसाल. त्येंनी कुटं जायाचं?"

त्यांची बायको, मावशी, चुलीपुढून ओरडली, "सांगा, सांगा त्यास्नी! माजा कोळसा ह्यांच्या बाहुल्यांना शेकाय. सवत आनली असती तर परवडली असती, तिनं निदान चार भाकरी तरी बडवल्या असत्या!"

"आनू का मग?" भाऊ शांतपणे म्हणाले.

"आना की. तिला झोपवाल कुटं? पूर्वेची खोली तर भरलीया!"

शेवटी मावशीनेच माझं प्रमाणपत्र तव्याच्या उलट्या बाजूवर कापड घालून वाळवून दिलं. अजून आहे. एका कोपऱ्याला तांबूस आहे.

त्या इंग्रजी चित्रकथांवरून तर आमचं कायमचं वाजलं. शाळेत माझ्या वर्गात डोंगरातल्या ठाकरवाडीतून उतरून येणारी पोरं होती, शेतकऱ्यांची होती. त्यांना क्रमिक पुस्तकाशिवाय रंगीत पान बघायला मिळत नव्हतं. मी म्हणालो, भाऊ, हे शाळेत द्या, पोरं वाचतील. त्यांनी सरळ नाही म्हटलं. मी तोंडावर म्हणालो की हा कंजूषपणा झाला. तेव्हा म्हणाले, "वाचायला न्हाई कोन म्हनतंय? येऊ द्या की पोरं. हितं बसायचं, हात धुवून." आणि पोरं आली. दर रविवारी ओळीने मोरीवर हात धुऊन, खिडकीखाली मांडी घालून बसायची. मी त्यांच्यात बसायला गेलो तर भाऊंनी अडवलं. "मोठ्या मानसानी न्हाई. मोठी मानसं पान दुमडत्यात." मी, बी.ए., दाराबाहेर!

पोरांना इंग्रजी कुठलं येणार? भाऊच चित्रं बघून गोष्ट सांगायचे. एकदा मला राहवलं नाही. दारातूनच म्हणालो, "भाऊ, तिथे तसं लिहिलेलं नाही. तो उडणारा माणूस त्या बाईला वाचवत नाहीये, तिच्याशी भांडतोय." भाऊंनी पान उन्हाकडे धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग चूक लिवलंय." पोरं हसली. माझ्यावर हसली, हे मला कळलं.

तर असा हा माणूस. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी आमच्या शाळेने प्रदर्शन भरवायचं ठरवलं, 'अंतराळ आणि बालविश्व'. नाव चेअरमन साहेबांनी दिलं. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचे मालक. भाषण करायला मिळालं तर जेवण सोडणारे. शाळेकडे अंतराळातलं एक काळा फळा सोडला तर काहीच नव्हतं. मग हेडमास्तर स्वतः आमच्या घरी आले, मावशीच्या हातचा चहा दोनदा घेतला, यंत्रमानव चालताना पाहून टाळी वाजवली आणि म्हणाले, "भाऊ, चार दिवसांपुरतं द्या. शाळेची अब्रू आहे."

ते गेल्यावर मी म्हणालो, "लिहून घ्या, भाऊ. चार दिवसांनी परत, असं."

भाऊंना ते इतकं लागलं की त्यांनी टोपी सारखी केली. "गुरुजी लोक हाईत त्ये. त्येंच्याकडनं काय लिवून घ्यायचं?"

भाताच्या पेंढ्यात एकेक वस्तू गुंडाळून, आंब्याच्या करंड्यांत भरून त्यांनी हातगाडीवरून सगळं शाळेत नेलं. गाडी दुसरा ओढत होता आणि भाऊ बाजूने एक हात करंडीवर ठेवून चालत होते, पालखीशेजारून चालावं तसे. प्रदर्शन जोरात झालं. सगळं लोणावळं लोटलं. भाऊ चारही दिवस पाव्हण्याला चावी देत उभे.

शेवटच्या दिवशी समारोप. त्यात भाऊंचा सत्कार. भाऊ फेटा बांधून आले होते, मावशी इरकली नेसून. चेअरमननी त्यांच्या अंगावर शाल घातली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात गुच्छ. दोन्ही हात गुंतले की माणूस काही करू शकत नाही. मला वाटतं या सत्काराची रीत कुणीतरी फार विचार करून काढलेली आहे. मग चेअरमन माइकवर म्हणाले, "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, आपल्या भाऊंनी आपला हा अमूल्य ठेवा उदार अंतःकरणाने शाळेला कायमचा अर्पण केला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट.

भाऊ शालीत उभे. त्यांनी मान हलवली, नाही नाही अशी. लोकांना वाटलं, नम्रता. टाळ्या आणखी वाढल्या. ते म्हणाले, "मी दिलं न्हाई. दावाय आनलंय." पहिल्या रांगेत मला ऐकू आलं, पण माइक तोवर चेअरमनच्या तोंडापाशी परत गेला होता.

मी उठलो. शिक्षकांच्या रांगेतून उठून मोठ्याने म्हणालो, "साहेब, भाऊंनी वस्तू दिलेल्या नाहीत. परत देण्याच्या बोलीवर आणल्या आहेत."

चेअरमन हसले. "हे आमचे तरुण शिक्षक. अजून कायम व्हायचे आहेत, म्हणून उत्साह फार आहे." लोक हसले. आणि त्यांनी संगीताच्या बाईंना बोटाने खूण केली. बाईंनी पेटीवर सूर धरला. राष्ट्रगीत.

आता सांगा, राष्ट्रगीत चालू असताना कोण बोलणार? मी सावधान उभा राहिलो. भाऊ शाल-नारळासकट सावधान उभे राहिले. खाली मावशी पदर दातात धरून सावधान उभी होती. राष्ट्रगीत संपलं तेव्हा मांडव उठलेला होता आणि चेअरमन मोटारीत बसलेले होते. चोरी मी पाहिलेली आहे, खळ्यावरची, स्टेशनवरची. पण चोर जाईपर्यंत मालकाला सावधान उभं करणारी चोरी मी तेवढी एकच पाहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे हातगाडी घेऊन शाळेत गेलो. आणि इथे मला अजूनही लिहिताना हात थांबवावा लागतो. आमच्या शाळेत खडूचा खोका मागितला तर महिना जाई. तुटलेल्या बाकाला खिळा मारायला दोन वर्षं. पण त्या एका सकाळीत क्लार्कने सगळ्या वस्तू हेडमास्तरांच्या खोलीत लांब टेबलावर मांडून डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या वहीत, चढवल्या होत्या. शाळेच्या खुर्ची-टेबलांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालतात ना, तसे नंबर घातले होते. यंत्रमानवाच्या छातीवर नंबर. बाहुलीच्या कपाळावर नंबर. मातीच्या मावळ्याची पाठ पुरली नाही म्हणून अर्धा नंबर ढालीवर. आणि प्रत्येक चित्रकथेच्या मुखपृष्ठावर, अगदी मधोमध, शाळेचा जांभळा शिक्का. क्लार्क ब्रश धूत होता. मला म्हणाला, "बघा सर, एक नाही सोडलं." त्याला शाबासकी हवी होती.

भाऊंनी पाव्हण्याला उचललं, छातीवरचा रंग बोटाने चाचपला. वाळलेला होता. पाव्हण्याला परत टेबलावर ठेवलं.

बोललो ते मी. हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटून बोललो. ते वाईट गृहस्थ नव्हते, भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातून जितकं वाईट होतं तितकं वाईट माणसाच्या हातूनही होत नाही. क्लार्कला बाहेर पाठवून, दार लावून घेऊन म्हणाले, "अहो, हळू. मला कळत नाही का? पण आता नंबर पडला. डेडस्टॉकची वस्तू अशी दाराबाहेर जात नाही. एक वाट आहे. भाऊंनी अर्ज द्यायचा, की सदर वस्तू मोडक्या, निरुपयोगी आणि मूल्यहीन असल्याने घेऊन जाण्यास परवानगी मिळावी. खाली त्यांची सही, माझी सही. भंगारात निघाल्या असं दाखवतो. चेअरमनला पत्ता लागत नाही."

मला ते पटलं. शहाणपणाची वाट होती. तिथेच बसून वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि भाऊंपुढे सरकवला.

"वाचून दावा," भाऊ म्हणाले.

वाचला.

"पुन्यांदा."

पुन्हा वाचला. 'निरुपयोगी'ला त्यांनी हात वर केला. "ह्यो शब्द कशापायी?"

"नियमाला लागतो, भाऊ."

"कोन निरुपयोगी हाय ह्यात? दावा." ते उठले आणि लांब टेबलावरच्या वस्तूंकडे बोट करत निघाले. "ही मोटार? चालती. ह्यो घोडा? पाय मोडलेला, मी बशिवला, बगा, हालत न्हाई. ही बाय? डोळा येक हाय, पन दिसती का न्हाई चांगली?"

"भाऊ, नुसता कागदावरचा शब्द आहे. कुणी वाचणार नाही."

"मी ऐकलाय न्हवं."

हेडमास्तर काकुळतीला आले. "अहो, सही केलीत की आत्ता गाडी भरा. नाही केलीत तर सगळं इथेच राहणार. कायमचं."

"ऱ्हाऊ द्या." भाऊंनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला, जपून, पान न दुमडता. "येकदा लोकांनी टाकलंय ह्यास्नी. आता माज्या सहीनं परत टाकू व्हय?"

मी भाऊंवर भडकलो. रस्ताभर बोलत होतो. रिकामी हातगाडी पुढे, ते मधे, मी मागे. म्हणालो, असल्या हट्टाने माणसं नागवली जातात, ते लबाड आहेत आणि तुम्ही शब्द धरून बसलाय. ते म्हणाले, "तुमी शिकलेलं हाय. तुमाला शब्दाचं एवडं वाटत न्हाई." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीने पूर्वेची खोली झाडली आणि माझी वळकटी तिथे आणून टाकली. मी ती उचलून परत अंधाऱ्या खोलीत नेली. फुकट दिली असती तरी घेतली नसती. मला तशी नको होती.

शाळेने वस्तू काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं. कुठल्याही पोराने त्यांना हात लावला नाही, कारण लावू दिला नाही. चित्रकथांचे गठ्ठे वरच्या फळीवर, शिक्का वर करून. ठाकरवाडीची पोरं मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी राहायची आणि शिपाई त्यांना हाकलायचा, काच डागते म्हणून. हे शिक्षणाचं मंदिर.

मग एके शनिवारी शाळा सुटल्यावर भाऊ हेडमास्तरांच्या खोलीत हजर. मी तिथेच होतो, माझं कायम होणं पुन्हा एकदा लांबल्याचं ऐकत. भाऊ उभ्यानेच म्हणाले, "सायब, चावीची खेळनी हाईत ती. महिन्यातनं येकदा चावी द्यावी लागती, न्हाईतर स्प्रिंग धरती. आनि तेलाचा येक थेंब. मी आनलंय तेल."

मला वाटलं, आता हेडमास्तर अर्ज मागणार. त्यांनी मागितला नाही. किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

भाऊंनी टोपी काढून बाकावर ठेवली. एकेक मोटार, इंजिन, घोडा बाहेर घेतला, पिसाने तेल सोडलं, चावी दिली, चालवला, पुसून जागेवर ठेवला. शेवटी पाव्हणा. हेडमास्तरांच्या टेबलावर तो चालू लागला. खडखड, खडखड, छातीवर पांढरा नंबर, डोळ्यांत लाल काच. दौतीला वळसा घालून कडेला आला, तेव्हा भाऊंनी तळवा आडवा धरला. तो तळव्याला टेकला आणि जागच्या जागी पाय हलवत राहिला.

हेडमास्तर खुर्चीतून पुढे झुकले होते. माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ... मी देऊ का एकदा चावी?"

भाऊंनी यंत्रमानव उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्यांच्यापुढे उभा केला.

"द्या की," म्हणाले. "पन हळू. तीन येढे झालं की थांबायचं."

मी असतो तर दिला नसता.